टोपीवाली पिवळी

४ ऑगस्ट

भिंगरे,

तुझ्या नावाने एक खोकं पाठवलं आहे. आत चोवीस बाटल्या आहेत, शंभर मिलीच्या, काचेच्या बुचाच्या. खोकं उघडताना सुरी आडवी धर. वरचा थर आणि पुठ्ठा यांत एकाच बोटाचं अंतर आहे. तुमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवरून भांडणं होतात असं तू मामीला फोनवर म्हणालीस. एवढी शिकलेली माणसं आणि बाटलीवरून भांडतात! ऐकून बरं वाटलं.

या बाटल्या मी स्वतः धुतल्या आहेत, हाताखालच्या कोणाकडे दिल्या नाहीत. कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणात अख्खी रात्र, मग नळाच्या पाण्याने तीन वेळा खळखळून, मग उलट्या टांगून वाळवण. बावीस वर्षं माझी हीच पद्धत आहे. आमच्या कारखान्यात मुळांच्या सालींचा अर्क निघतो तो डांबरासारखा चिकट असतो. त्याचा एक डाग माझ्या हातच्या बाटलीवर कोणी दाखवावा आणि माझी अर्धी मिशी कापून न्यावी. नमुना-खोलीचा प्रमुख मला कोणी पदवी बघून केलेलं नाही. दहावीला गणितात आपटलेला माणूस आहे मी. जे येतं ते जुनी पुस्तकं विकत घेऊन, एकेक पान चारदा वाचून आलेलं आहे.

आता मुद्दा. तू आमच्याच कारखान्याची पिवळी पूड घेऊन तिच्यावर काही करते आहेस. मामीने मला सांगितलं ते असं : "ती औषधाला टोपी घालते." एवढ्यावर माझं समाधान होत नाही. नीट लेखी कळव. फोनवरचं बोलणं पुन्हा तपासून बघता येत नाही.

तुझा
मामा

१२ ऑगस्ट

मामा,

सुरी आडवीच धरली. चोवीसच्या चोवीस बाटल्या शाबूत. शेजारच्या टेबलावरच्याने दोन उसन्या मागितल्या. म्हटलं, मामाचं परवानगीपत्र आण, तेही सुवाच्य अक्षरात. बिचारा गेला.

आता टोपी. तुमची पिवळी ताटलीतल्या पेशींवर घातली की सूज उतरते, हे आम्ही कितीदा तरी पाहिलंय. गिळली की मात्र सगळं मुसळ केरात. शंभर भाग पोटात गेले तर रक्तात जेमतेम दोन पोचतात. तिच्या अंगावर पाच ठिकाणी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी आहे. या जोड्यांना पाणी आवडतं. आतड्याची भिंत पडली तेलकट, ती हिला आत घेत नाही. थोडी शिरलीच तर भिंतीतल्या पेशी नेमक्या त्याच जागी दुसरं काही चिकटवून तिला परत बाहेर घालवतात.

म्हणून मी त्या पाचांतल्या तीन जागांवर आम्लाचा एक लहान तुकडा जोडते. ही टोपी. या जोडाचं नाव एस्टर. टोपी घातलेली पिवळी भिंतीतून पलीकडे जाते (असं आम्हाला वाटतं), आणि पलीकडे शरीराचीच विकरं टोपी काढून घेतात. रक्तात उरते तुमची मूळ पिवळी. गंमत म्हणजे टोपी घातली की तिचा रंग जातो, जवळजवळ पांढरी पूड होते. आम्ही तिला टोपीवाली म्हणतो.

या महिनाअखेरीला उंदरांवर पहिली चाचणी. तीन वर्षं केलेलं सगळं या एका चाचणीवर आहे, मामा. वीस ऑक्टोबरला समिती बसेल. साध्या पिवळीत आणि टोपीवालीत फरक दिसला तर पुढची दोन वर्षं मिळतील, नाहीतर काम बंद आणि मला दुसऱ्या कोणाच्या तरी विषयावर बसवतील. म्हणून ठरवलंय की उंदरांना द्यायची सगळी द्रावणं तुझ्याच बाटल्यांत ठेवायची. इथल्या बाटल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

मामीला सांग, टोपी लोकरीची नाही.

भिंगरी

९ सप्टेंबर

मामा,

फरक नाही. साधी पिवळी दिलेल्या उंदरांच्या रक्तात जेवढी पिवळी, टोपीवाली दिलेल्यांच्या रक्तातही तेवढीच. आलेख एकावर एक ठेवले तर दोन रेघा आहेत हेसुद्धा कळत नाही.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "प्रामाणिक नकारही निकालच असतो. समितीपुढे मांडू आणि शांतपणे बंद करू." मग माझ्यासाठी दुसरा विषय सुचवायला लागले. मी मान डोलावत होते. विषय कोणता होता ते विचारू नकोस, आठवत नाही.

पूड चांगली होती. शुद्धता मी दोनदा मोजली, शंभरात अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात. चूक कुठे शोधावी तेच कळत नाही. कदाचित चूक नसेलच. कदाचित टोपीची कल्पनाच खोटी असेल.

मामीला इतक्यात सांगू नकोस.

भिंगरी

१४ सप्टेंबर

भिंगरे,

मामीला सांगितलं. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती, माझा इलाज नव्हता.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. त्यात रडगाणं पाऊण पान आणि माहिती तीन ओळी आहे. हे उलटं हवं होतं. द्रावण कोणत्या दिवशी केलं, किती वाजता? उंदरांना कधी दिलं? मधल्या वेळात कुठे ठेवलं, किती गरमीत? दिसायला कसं होतं? पूड तू दोनदा तपासलीस, शाबास. पण उंदराच्या तोंडात पूड गेली नाही, द्रावण गेलं. ते तपासलंस का? आमच्याकडे पिंपातला अर्क उत्तम म्हणून कोणी सही करत नाही. बाटलीत भरलेला पुन्हा तपासतात, कारण गिऱ्हाईक पिंप नेत नाही.

तुम्हा शिकलेल्या लोकांचं हे असं आहे. मोठ्या गोष्टीवर तीन वर्षं विचार आणि लहान गोष्ट हातासरशी. कल्पना खोटी आहे असं म्हणायचा हक्क तुला अजून मिळालेला नाही. आधी हातांची झडती घे.

माझ्या प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने दे.

मामा

१८ सप्टेंबर

मामा,

क्रमाने देते. शुक्रवारी दुपारी तीनला केलं. सोमवारी सकाळी दहाला दिलं. मध्ये टेबलावर होतं, फ्रिजमध्ये ठेवलं तर टोपीवाली खाली बसते. दिसायला सोमवारी छान पिवळं, स्वच्छ होतं. शुक्रवारी जरा गढूळ होतं, म्हणजे दोन दिवसांत नीट विरघळलं, मला आनंदच झाला. द्रावण तपासलं नाही. आता उरलेलंही नाही, की तपासावं.

झाली झडती?

मामा, तू काळजीने विचारतोस ते कळतं. पण पिंपातून अर्क काढणं वेगळं आणि हे वेगळं. हे जुनी पुस्तकं चारदा वाचून येत नाही. मी तीन वर्षं रोज हेच करतेय आणि तू मला चौकीवर बसवून जाब विचारल्यासारखं विचारतोस. मला सध्या कोणीतरी "असू दे गं" म्हणायला हवं आहे. ते इथे कोणी म्हणत नाही, आणि तूही म्हटलं नाहीस.

भिंगरी

३० सप्टेंबर

अगं भिंगरे,

मी मामी. माझ्या पत्रात चुका असतील तर त्याला दाखवू नकोस, लाल शाई घेऊन बसेल.

तू त्याला काही लागेल असं लिहिलंस का? तुझं पत्र आलं, दोन दिवस खिशात घेऊन फिरला. मग एका संध्याकाळी ऐटीत लिहायला बसला. मिशीला पीळ वगैरे, म्हणजे कोणाची तरी चूक सापडली होती. कपाटातून कुठलंसं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि ते तसंच टाकून उठला. जेवायला हाक मारली तर म्हणाला, "भूक नाही." तीस वर्षांत हा माणूस असं पहिल्यांदा म्हणाला. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

तेव्हापासून खिडकीत बारा बाटल्या मांडल्यात पाण्याच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. हात लावायचा नाही. पडदा धुवायला काढायचा होता, तोही नाही. तीन दिवसांनी पाणी ओततो, पुन्हा भरतो. त्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून मला विचारतो, "रंग कोणता दिसतो? विचार करून सांग." मी म्हटलं, निळसर हिरवा. म्हणाला, "नक्की? हिरवट पिवळा नाही?" मी म्हटलं, लग्नातली साडी निवडताना एवढं विचारलं असतंस तर! एरवी हसला असता. नाही हसला.

तुझ्यावर रागावलेला नाही एवढं मला कळतं. रागावला की भांडी आपटतो. हल्ली तर अगदी हळू ठेवतो.

तू आपली जेवत जा वेळेवर. आणि असू दे गं.

मामी

४ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र मिळाल्याला चौदा दिवस झाले. त्यातले दहा प्रयोगाचे. चार दिवस मी तोंड लपवून होतो.

तुझ्या उत्तरांतला एक शब्द डोक्यात अडकला होता : पिवळं. टोपीवाली पांढरी असते असं तूच बारा ऑगस्टला लिहिलं आहेस. मग पांढऱ्या पुडीचं द्रावण पिवळं कसं? नीट विरघळलं म्हणून नव्हे. टोपी उडाली म्हणून. उंदराच्या पोटात जायच्या आधी, टेबलावरच. तुझ्या दोन रेघा एकावर एक बसल्या कारण तू दोन्हीकडे साधी पिवळीच पाजलीस.

हे तुला ठणकावून लिहायला बसलो होतो. फार खुशीत होतो, खोटं कशाला सांगू. टोपी कशाने उडते तेही सांगावं, म्हणून साबणाचं जुनं पुस्तक काढलं. तेल हासुद्धा एस्टरच. साबणवाले तो जोड तोडायला त्यात काय घालतात? कॉस्टिक सोडा.

पेन खाली ठेवलं.

मग हे केलं. सहा बाटल्या माझ्या पद्धतीने धुतल्या. सहा नव्या, कडक काचेच्या, मालकांच्या कपाटातून मागून आणल्या. सगळ्यांत उकळून गार केलेलं ऊर्ध्वपातित पाणी भरलं आणि तीन दिवस ठेवलं. असं तीन वेळा केलं. आम्ल-अल्कली दाखवणाऱ्या पट्टीवर नव्या बाटल्यांतलं पाणी सातच्या आसपास, म्हणजे पाणी ते पाणीच. माझ्या बाटल्यांतलं दहाच्या जवळ, म्हणजे स्पष्ट अल्कली. सहाच्या सहांत, तिन्ही वेळा. रंग मामीकडून वाचून घेतले, कारण माझ्या डोळ्यांना ते रंग बघायचे नव्हते.

कारण दुहेरी आहे. ही साधी काच, तीच मुळात थोडा सोडा पाण्यात सोडते. त्यात मी ती बावीस वर्षं कॉस्टिकमध्ये भिजवून खरवडत आलो आणि वरून नळाच्या पाण्याचे फक्त तीन हात. आमच्या काळ्या अर्काला टोपी नाही, त्याचं काही बिघडत नाही. म्हणून कधी कळलं नाही. माझ्या बाटल्या दिसायला स्वच्छ होत्या, आणि मी दिसण्यावर गेलो. तुला लहान गोष्टींवरून बोललो, आणि लहान गोष्ट माझी निघाली.

तुझी तीन वर्षं माझ्या बाटलीत गेली. समितीला तसं लिही. मागितलंस तर मी सहीनिशी लिहून देतो.

"असू दे गं" मला लिहिता येत नाही, प्रयत्न केला. जे येतं ते वर लिहिलं आहे.

मामा

९ ऑक्टोबर

मामा,

मामीच्या पत्रावरून मला वाटलं तू रुसलास. माफीचं पत्र लिहून पाकिटात घालून ठेवलं होतं, तेवढ्यात तुझं आलं. वाचलं आणि धावतच टेबलाकडे गेले. तुझी एक बाटली न वापरलेली उरली होती. तिच्यात टोपीवालीचं द्रावण भरलं, दुसरं नव्या कडक काचेत, आणि दोन्ही मोजून सदुसष्ट तास ठेवली. शुक्रवार तीन ते सोमवार दहा म्हणजे सदुसष्टच. तुझ्या बाटलीत शंभरातल्या एक्याण्णव भागांची टोपी उडाली. नव्या बाटलीत फक्त दोन भागांची.

मामा, म्हणजे टोपीवाली अजून एकदाही उंदराच्या पोटात गेलेलीच नाही! ती हरली नाही, ती खेळलीच नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समितीची तारीख हलणार नाही म्हणाले. परवानगीतले सहाच उंदीर शिल्लक आहेत, तीन साध्या पिवळीला, तीन टोपीवालीला. "एवढ्यावर समितीला पटेल असं मी सांगत नाही," म्हणाले, "पण कर." अठराला देणार आहे. द्रावण त्याच सकाळी करीन आणि द्यायच्या पाच मिनिटं आधी तपासून घेईन. गिऱ्हाईक पिंप नेत नाही.

अहवालात तुझं नाव घालणार नाही. "काचेच्या दोषामुळे" एवढंच लिहिते. खरं तर ते द्रावण मी तपासायला हवं होतं, तू म्हणालास ते अगदी बरोबर होतं, आणि त्या पत्रात मी जे लिहिलं ते अगदी चूक. पुस्तकं चारदा वाचून येतं, मामा. मी त्या द्रावणाचा पिवळा रंग डोळ्यांनी बघितला आणि तुला तो इतक्या लांबून दिसला.

भिंगरी

१३ ऑक्टोबर

भिंगरे,

"काचेच्या दोषामुळे" हे चालणार नाही. काचेला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकलू नकोस. असं लिही : "बाटल्या कॉस्टिक सोड्याने धुऊन अपुऱ्या खळखळल्या गेल्या होत्या, शेवटच्या पाण्याची तपासणी धुणाऱ्याने केली नव्हती व द्रावणाची तपासणी वापरणाऱ्याने केली नव्हती." तुझा वाटा तुला, माझा मला. धुणारा कोण हे कोणी विचारलं तर सांग. न विचारता सांगू नकोस, एवढी सूट घेतो.

इकडे मालकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं खुर्ची जाईल. ते म्हणाले, "बावीस वर्षांनी सांगायला आलास, आता नवीन पद्धत लिहून दे." लिहून दिली, चार पानं. शेवटून दुसरं खळखळणं अगदी सौम्य आम्लाचं, शेवटचं ऊर्ध्वपातित पाण्याचं, आणि दर पन्नासाव्या बाटलीला पट्टी. धुणाऱ्या बायकांना समजावलं तर एक म्हणते, "म्हणजे आता बाटल्यांना लिंबू पाजायचं का हो? चढली होती वाटतं त्यांना." सगळ्या हसल्या. मीही हसलो, जरा उशिरा.

सहा उंदीर कमी आहेत हे मला कळतं. तरी घाई करू नकोस. रक्त काढल्यावर नळ्या कुठे ठेवणार आहेस? टोपी काढणारी विकरं भिंतीपलीकडे असतात असं तू लिहिलंस, म्हणजे ती रक्तातही असणार. मग नळीत पडल्यापडल्यासुद्धा ती टोपी काढत बसतील आणि तुला वाटेल शरीरात निघाली. बर्फ लागेल. आणि तरी शंका राहील, तिचा विचार कर. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पुस्तकात सापडलं नाही.

मामा

१८ ऑक्टोबर

मामा,

हे यंत्रासमोर बसून लिहितेय. एका नमुन्याला पंधरा मिनिटं लागतात आणि नुसतं बघत बसवत नाही.

आधी तुझी शंका. सरांना दाखवली. ते म्हणाले, "हे कोणी विचारलं?" मी म्हटलं, मामाने. बाटल्या कोणाच्या होत्या हे त्यांना ठाऊक नव्हतं, तेही तेव्हाच विचारलं त्यांनी. मी सांगितलं. "मग ही चूक शोधली कोणी?" मी म्हटलं, त्यानेच. सर आत गेले आणि विकरं जागच्या जागी थांबवणारं एक रसायन स्वतः घेऊन आले. प्रत्येक नळीत आधी ते टाकलं, मग रक्त, मग लगेच बर्फ. द्यायच्या पाच मिनिटं आधी द्रावण तपासलं, शंभरात नव्याण्णव टोप्या डोक्यावर. रंग पांढरट. मी दोघांना विचारून खात्री केली.

पहिला नमुना आला. साधी पिवळी, एका तासानंतरचं रक्त. सहा मिनिटं चोवीस सेकंदांवर, जिथे पिवळी दिसते तिथे, रेघेला छोटासा उंचवटा. अपेक्षेइतकाच.

दुसरा. तसाच.

तिसराही तसाच. आता टोपीवालीचे. अक्षर वाकडं येईल, लाल शाई काढू नकोस.

चौथा चालू आहे. चार मिनिटं. रेघ सपाट. पाच. सपाटच. सहा.

मामा, चढतेय. अजून चढतेय. कागदाच्या वर गेली, यंत्राने माप बदललं. मी हाक मारली बहुतेक, कारण सर आले. अकराव्या मिनिटाला टोपीवाली स्वतः दिसायला हवी, ती अगदीच थोडी दिसली. म्हणजे भिंतीपलीकडे गेली आणि तिकडे टोपी काढली गेली. साध्या पिवळीच्या आठपट आहे, मामा. एकच उंदीर आहे, मला माहीत आहे. तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

पाचवा. साडेसहापट.

हे सर तीन वर्षांत इथे कधी बसलेले मी पाहिले नाहीत, येतात आणि उभ्याउभ्या बोलून जातात. आत्ता त्यांनी शेजारच्याची खुर्ची ओढली, माझ्या टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि वर समितीचा पत्ता लिहायला लागले. मी म्हटलं, "सर, पुढच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज मी लिहिते ना." मान वर न करता म्हणाले, "तू सहाव्याकडे बघ. अर्ज मी लिहितो."

सहावा चालू झालाय.

भिंगरी